अर्धा भरलेला कॅन

जिममधलं लोखंड प्रामाणिक असतं.
काल साठ किलो, आज साठ,
उद्या माझं डोकं ठिकाणावर नसलं तरी साठच.
आठ बैठका, दम, पुन्हा आठ.
वहीत आकडे लिहायचे मी, पासबुकात लिहावेत तसे,
आणि वाटायचं, मांड्यांत शिल्लक वाढतेय.

मग नायगावच्या मैदानात, तिसऱ्या चढाईला,
डाव्या कोपऱ्यातली एक पोर, माझ्याहून वीतभर बुटकी,
घोट्याला अशी बिलगली
की पासबुक कुठल्या कुठे.
तोंड मातीत. कबड्डीतला ‘ड्डी’ दातांत अडकलेला.

डुमिंग मास्तर ओरडले नाहीत.
दुसऱ्या दिवशी दांड्याच्या धक्क्यावर
एक निळा कॅन घेऊन बसले होते,
डिझेलचा वास अजून न गेलेला,
समुद्राच्या पाण्याने अर्धाच भरलेला.
"उचल."
पंचवीस किलोसुद्धा नसेल.
खांद्यावर घेतला, पाऊल टाकलं,
आणि आतलं पाणी माझ्या आधी निघालं.
मी डावीकडे, ते उजवीकडे.
मी थांबले, ते थांबेना.
बोंबील वाळत घालणाऱ्या बाया हसल्या.
एकजण तेव्हाच होडीतून उतरत होती
डोक्यावर पाटी, पायाखाली ओली फळी;
फळी सरकली, ती हसत हसतच सावरली,
खाली बघितलंसुद्धा नाही.
"तिची जिम कुठली, विचार," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून ठरलेलं असं काही नसतं.
बैठकीतून वर येताना कुंदा वैती मागून ढकलते,
कधी खांद्याला, कधी कमरेला,
कधी नुसतीच शिंकते.
मास्तर तोंडाने ‘डावी’ म्हणतात, हाताने उजवी दाखवतात;
तोंडाचं ऐकायचं की हाताचं,
तेही रोज बदलतं.
वाळूच्या गोणीचं तोंड मुद्दाम सैल.
वही एकदा भिजली,
नवी आणायची राहिली ती राहिलीच.

लोखंड सोडलं नाही हं.
सोमवारी, गुरुवारी जाते. साठाचे बहात्तर झाले.
अंगात जोर नसेल तर
नुसत्या सावधपणाने कोणी मध्यरेषा गाठत नाही.
पण बार खाली ठेवताना हल्ली त्याची कीव येते,
बिचाऱ्याच्या पोटात कधी लाट उठलीच नाही.

काल, एका पायावर, कॅन खांद्यावर, डोळे मिटलेले.
मास्तरांची पावलं मागे येऊन थांबली.
मी पोटऱ्या आवळल्या.
आता.
आता, डावीकडून.
आता.
त्यांनी ढकललंच नाही.
कॅनमधलं पाणी निवत गेलं,
इतकं, की माझीच नाडी त्यात ऐकू यायला लागली,
आणि तेवढ्यात, कोणी बोटही न लावता,
मी पडले.

डोळे उघडले तर मास्तर
पिशवीतून पाव काढत होते, पाठमोरे.
"उद्या पुन्हा," म्हणाले,
"किती वाजता, ते सांगणार नाही."