एकशे दहावर

घड्याळ लावण्यानं हैदराबादहून पाठवलंय.
वेळ दाखवतं, पण ते त्याचं खरं काम नव्हे.
माझ्या आत काय चाललंय ते मनगटावर लिहितं,
हिरवा आकडा, मग पिवळा, मग लाल.

डॉक्टर हत्तुरेंनी पावतीच्या मागं हिशेब मांडला:
दोनशे वीस वजा बावन्न.
उरले एकशे अडुसष्ट. तिथवर जायचं नाही.
"तुमची जागा ही," पेन टेकवून म्हणाले,
"एकशे एक ते एकशे सतरा. दुसरा झोन.
चालताना बोलता यावं, गाता येऊ नये.
रोज पाऊण तास. घाई केली तर गुडघे जातील."
वजन ब्याण्णव.
ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, एवढी माणुसकी.

पहाटे साडेपाचला कंबर तलाव.
एप्रिल, रात्रीनंही गाव निवलेलं नाही.
पोलीस भरतीची पोरं शेजारून सुसाट जातात,
मी अठ्ठ्याण्णव. जरा रेटतो. एकशे सहा.
चढाला एकशे एकवीस, मनगट थरथरतं, थांबतो.
मागून मकबूल जमादार:
काय बे अंबादास, मोबाइल वाजतोय का बे?
नाही, म्हटलं, काळीज.
तो हसला. त्यात माझे चार ठोके वाढले.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं.
एकशे दहा.
अरे, हा आकडा तर माझ्या बोटांना पाठ आहे.
एकतीस वर्षं जॉबर होतो, अक्कलकोट रोडला.
आमचा चादरीचा माग एकशे दहावर सुखात चालायचा,
धोटा मिनिटाला एकशे दहा वेळा पार.
मालक म्हणायचा, एकशे तीस कर.
करायचो.
तासाभरात ताणा तुटायचा,
आणि गाठी मारायला मीच.
शेडच्या दारात उभं राहून सांगायचो
चोवीसांतला कुठला धापतोय.
पंचविसाव्याकडं कान गेला नाही.

आई काळजाला गुंडे म्हणायची, तेलुगूत.
शाळेत बाईंनी विचारलं, छातीत काय असतं?
मी हात वर केला. गुंडे!
वर्ग फुटला हसून.
बाई म्हणाल्या, तुझ्या एकट्याच्या असतील रे.
त्यानंतर किती तरी दिवस
रात्री छातीवर हात ठेवून झोपायचो,
आतले चार-पाच जण बाहेर पडू नयेत म्हणून.

रविवारी तलाव सोडून शेडवरनं गेलो.
आता तिथं गाद्यांचं गोदाम आहे.
पत्रा तोच. भिंतीवर तेलाच्या हाताचे डाग,
त्यातला एखादा माझाही असेल.
उभाच होतो, पाऊल टाकलेलं नव्हतं.
घड्याळ म्हणालं एकशे एकोणतीस. तिसरा झोन.
असं उभं राहिल्यानं वजन किती उतरतं
ते पावतीच्या मागं नव्हतं.

घरी राजमणी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
गंमत म्हणून घड्याळ तिच्या हाताला बांधलं.
दुपारी काढून बघतो तर पावलं सहा हजार दोनशे.
बसल्या जागी.
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा,
प्रत्येक वळशाला यंत्र एक पाऊल मोजत गेलं.
म्हटलं, अगं, माझ्यापेक्षा जास्त चाललीस तू!
तिनं मान वर केली नाही.
"मग कुठं पोचले?"

आज दोघं आलोय.
वजन एक्याण्णव आणि थोडं वर. एवढंच.
ती पुढं चालते, घड्याळाशिवाय, पदर खोचून,
तिला गाठायला मला एकशे चोवीस लागतात.
हाक मारतो, राजमणी, जरा हळू.
ती थांबते, पाण्याकडं बघत.
मी एकशे बाराला येतो.