निधान

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
टेंपोतून एक लेथ उतरवायची होती.
अठराशे किलो. अंगावर अजून जुन्या मालकाचं नाव,
अर्धं खरवडलेलं.
सहा माणसं, आणि नागोजीमामा,
जो स्वतःला माणसांत धरायचा नाही.
"मी पहार," म्हणायचा.

मी नववीत. मामाचा डबा घेऊन गेलेलो,
दप्तरात धडा चौथा:
कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन.

लेथ हलेना.
भरमाण्णाने खांदा लावला, इराप्पाने पाठ,
मानेच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या,
अर्धा तास.
बनियनं पिळली तर घागर भरेल इतका घाम,
आणि धड्याच्या हिशेबाने कार्य शून्य.
तसं मी सांगितलंही, मोठ्याने. शहाणा होतो.
इराप्पा नुसता हसला:
"शून्याचा पगार किती देत्यात रे, मास्तर?"

मग मामा शेडमागे गेला
आणि एक काळा दगड घेऊन आला,
कोपरे झिजून बसकं झालेलं ते जनावर.
पहारीखाली ठेवला. बघितलं. काढला.
लेथच्या आणखी जवळ सरकवला.
तिच्या बाजूला उरली चार बोटं,
याच्या बाजूला सगळी पहार.

"निधान," मामा म्हणाला.
"निधान," इराप्पाने मागे सांगितलं,
आणि सगळ्यांनी श्वास धरला.

मामाचे हात छातीपासून गुडघ्यापर्यंत आले
तेव्हा कुठे तो कोपरा उठला
लिंबाएवढा.
"काय बघालास? पाचर घाल की!"
पाचर घातली. ती मी घातली.
दुसरा कोपरा. पुन्हा लिंबू. पुन्हा पाचर.
खाली पाईपचे तुकडे सारले,
उतरणीला लांब फळ्या लावल्या.
आखूड फळी घाई करते, मामा म्हणाला,
घाई अंगावर येते.

साडेनऊला लावलेला हात चारला निघाला.
फुकट काहीच मिळालं नव्हतं.
जेवढं बळ वाचलं तेवढी वाट वाढली,
वर घर्षणाने आपली दलाली कापून घेतली
अडतीवर कापतात तशी, न विचारता.
मी एकदा पहार धरून बघितली:
लेथ हातात एका भरल्या घागरीएवढीच लागली.
बाकीची कुठे गेली?
दगडाकडे बघितलं. तो काही बोलला नाही.

पुण्यात शिकायला होतो तेव्हा
रिक्षावाल्याला म्हटलं, निधान चला.
मागच्या सीटवर हसू फुटलं. ही कुठली मराठी?
कोश काढला. निधान: ठेवा, पुरलेलं धन.
हळू असा अर्थ कुठेच नव्हता.
तो आमच्याकडे इराप्पाच्या घरातून आला,
भाकरीवर ठेचा यावा तसा,
आणि परत कुणी मागितला नाही.
कोशाच्या त्या पानावर बोट ठेवून
बराच वेळ बसलो होतो.
मामाच्या हातातली ती सगळी लांबी,
ते लिंबाएवढं वर येणं,
आणि शेडमागे पडलेला दगड.

आता क्रेन येते. हायड्रा.
पिवळी, वीस मिनिटांत काम, तासाचे पूर्ण पैसे.
मामाचे गुडघे गेले.
दगड अजून आहे, कुणाच्या तरी मोटरसायकलच्या
स्टँडखाली, पावसाळ्यात चिखलात रुतू नये म्हणून.

मी नववीला शिकवतो. येळ्ळूरला. तोच धडा.
सुप्रियाला पुढे बोलावतो, हात लांब करून
दप्तर धरायला लावतो.
दोन मिनिटांत तिची बोटं थरथरतात.
कार्य किती?
"शून्य, सर."
बरोबर. परीक्षेत शून्यच लिहा, मार्क त्यालाच आहेत.
ती जागेवर जाते, मनगट चोळत,
माझ्याकडे इराप्पासारखं बघते.

ठेव, म्हणतो मी. खाली ठेव.
निधान.