जुने नाव, नवे नाव

रबाळ्याच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत
पुसायचं काम. आत नुसती यंत्रं, गारठा,
आणि म्हणे अख्ख्या देशाची माहिती.
त्याआधी माझी माहिती हवी होती:
आधार, पॅन, शाळेचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान,
दोन फोटो, मागे पांढरा पडदा.

कोपरखैरण्याच्या झेरॉक्सवाल्यानं सगळं काचेवर पालथं घातलं,
उजेड इकडून तिकडे गेला
आणि माझ्यातून तीन बाया निघाल्या.

दाखल्यावर इंदुमती दगडू शेलार, जन्म एक जून.
आमच्या जावळीच्या शाळेत गुरुजींनी
निम्मा वर्ग एक जूनलाच जन्माला घातला होता.
आई सांगायची, तू झालीस तेव्हा नाचणी काढणीला आलेली.
आधारवर स्नेहल गणपत रांजणे.
पासबुकात नुसतीच इंदू,
कारण बँकेतल्या बाईंना घाई होती.

कंत्राटदाराच्या टेबलावर इंगवले नावाचा पोरगा,
माझ्या थोरल्याहून दोनेक वर्षांनी मोठा.
कागद पत्त्यांसारखे मांडून म्हणाला,
मावशी, ह्यातल्या तुम्ही कोणत्या?
म्हटलं, सगळ्याच.
तो म्हणाला, सिस्टिम एकच घेते.

नाव बदलल्याचा पुरावा?

होता ना. पितळी ताटात पसरलेले तांदूळ,
त्यावर अंगठीनं ओढलेली अक्षरं,
नणंदेनं वाचून दाखवली, बायका हसल्या,
कुणीतरी ताट उचललं.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला असणार.
वीस वर्षं त्या ताटातलं नाव लावलं मी
आणि त्याची झेरॉक्स निघत नाही.

गणपत आता कुठे असतो, ते विचारू नका.
त्याच्या कागदांत मी अजून आहे का,
मलाही ठाऊक नाही.

मग ठाण्याला, कोर्ट नाक्यावर,
छत्रीखाली टाइपरायटर घेऊन बसलेले केळुसकर.
स्टॅम्पपेपर सरळ केला, चहाचा ग्लास बाजूला सारला.
जुने नाव?
नवे नाव?
सगळ्यांना असंच विचारतात ते, त्याच क्रमानं.

घरून ठरवून आले होते. जुनं इंदुमती, नवं स्नेहल.
इंगवलेनं चिठ्ठीवर लिहूनही दिलं होतं.
केळुसकरांची बोटं कळांवर थांबलेली.
मी म्हटलं,
जुने नाव, स्नेहल गणपत रांजणे.
नवे नाव, इंदुमती दगडू शेलार.

उलटं सांगताय, बाई.
म्हटलं, उलटंच टाइप करा.

एवढ्यानं भागत नाही. राजपत्र, मग आधार, मग पॅन,
मग पासबुकातली इंदू पुरी करून घेणं.
आधार केंद्रात यंत्राला माझे ठसे सापडेनात,
अठरा वर्षं लोकांची भांडी घासलेली बोटं.
तिथली पोरगी म्हणाली, खोबरेल लावून या.
लावून गेले. चौथ्या बोटाला हिरवा दिवा लागला.

थोरला चिडला. आई, सोपं होतं ते करायचं ना.
माझ्या सगळ्या कागदांवर आईचं नाव स्नेहल आहे,
आता माझं काय?
त्याला उत्तर दिलं नाही.
अजून दिलेलं नाही.

अडीच महिने पास कागदी होता.
नावाच्या जागी छापलेलं: व्हिजिटर.
रोज सकाळी सातला पाहुणी होऊन आत जायचे
आणि मॉप पिळायचे.

परवा कार्ड आलं. दोरी मानेला टोचते.
फोटोत मी चोरासारखी दिसते,
खाली नाव मात्र सगळं, एकही अक्षर न खाता.

पाचव्या रांगेत, यंत्रांच्या घोंघाटात,
सुपरवायझर ओरडला, ओ मावशी!
मी पुसत राहिले.
ओ रांजणे मावशी!
पुसत राहिले.
मग तो जवळ आला, वाकला,
गळ्यातलं वाचायला लागला,
इं… दु…
वाचू दिलं त्याला.
मला घाई नव्हती.