तिसरा

तळमजल्यावर, जिथं भिंतीला
एप्रिलातही ओल सुटते,
चार नंबरच्या कपाटात सापडला प्रबंध:
कर्ली खाडीतील शिंपले, वाढ आणि क्षारता. १९८६.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
त्यातला 'क्षा' झुरळांनी नेलेला.
तारखांच्या चिठ्ठीवर एकच शिक्का,
तोही लेखकाचाच. प्रा. मेघश्याम तोरसकर
स्वतःचा प्रबंध चौदा दिवसांसाठी घरी घेऊन गेले होते.

दोनशे अकरा पानं. दोनदा वीज गेली.
प्राचार्य दारातूनच विचारतात,
नॅकच्या आधी किती चढतील?
मी आकडा सांगते. ते खूश होतात.

सरांची मुलगी पुण्याहून सही पाठवते, फोटो काढून.
खाली एक ओळ: बाबांचं कुणी मागेल
असं वाटलं नव्हतं.

तक्ता सतराच्या समासात पेन्सिलीनं:
'चं. म्हणते, अवसेला खालचा थर उघडा पडतो.'
ही चं. कोण?
ऋणनिर्देशात नुसतं, स्थानिक महिलांचे सहकार्य.

देवबागला गेले रविवारी.
चंद्रभागा गिरप, वय एक्याऐंशी,
पडवीत जाळ्याची गाठ दातानं सोडवत होती.
"प्रोफेसर चिखलात रुतलो. मगे मीच उतरलंय.
मोजलंय मी, लिवलां तेणां.
आता ह्यां कोण वाचतलो गो?"
मला उत्तर आलं नाही.
तिलाच आलं, जरा वेळानं:
"पाटी झाकून बसलंस तर म्हावरां खपणा नाय."

फॉर्मला लॅटिन नावं हवी असतात. दिली.
कीवर्डच्या रकान्यात पुढं घातलं:
तिसरे, मुळे, खुबे, शिनाणे.
योगदान: चंद्रभागा गिरप, मोजणी आणि निरीक्षण.
संस्था हा रकाना रिकामा सोडता येत नाही.
लिहिलं, कर्ली खाडी.
यंत्रानं हरकत घेतली नाही.

रेंज फक्त शेवटच्या खिडकीत.
लॅपटॉप कठड्यावर, मी स्टुलावर,
बासष्ट टक्क्यांवर फाइल अडली तेव्हा
श्वासही जपून घेत होते.

महिना झाला. पानाखाली आकडा: तीन.
पहिली मी, नीट उघडतंय का बघायला.
दुसरा चंद्रभागेचा नातू, कुडाळ स्टेशनवरून.
त्यानं फोनवर ओरडून सांगितलं,
आजयेचा नाव आसा!
तिसरा कोण?
देश मोझांबिक, वेळ आपली रात्री पावणेतीन,
एवढंच कळतं.
कुठली खाडी असेल तिथं, काय म्हणत असतील शिंपल्यांना,
कुणाला झोप लागली नसेल.

प्राचार्यांना मी हा आकडा सांगितलेला नाही.

तक्ता सतरा पुन्हा काढते.
खाली तोरसकरांची टीप:
ओहोटीत तिसरा घट्ट मिटून असतो, तासन्‌तास,
मेला असं वाटावं इतका.
पाणी चढू लागलं की उघडतो.
आधी एका दोऱ्याइतका.