टेबलाला बोटं मोजता येतात

मी फक्त केबल जोडायला गेले होते,
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
चादरवाल्यांच्या सोसायटीच्या डिझाइनच्या खोलीत.
दिवाणाएवढं टेबल, वर काच, काचेखाली उजेड,
उजेडात एक चादर
अजून मागावर न चढलेली.

जाताना बजावलं, ग्लास ठेवू नका वर.
चहाचा ग्लास त्याला बोटच वाटतं.
मुख्तार रंगरेज हसले,
मग दिवसभर ग्लास हातातच धरून राहिले.

आधी इथे आलेखाचा कागद असायचा.
चौकटी भरायची पेन्सिल नरसय्या दुडम यांची,
खोडरबर त्यांचंच,
आणि बाकीच्यांच्या हाताची घडी.
सव्वीस वर्षं.

आता चार बाजूंना चौघं.
मोर नरसय्यांकडे पाय करून उभा,
म्हणून समोरच्या यल्लूबाईंना तो डोक्यावर पडलेला.
भार्गवनं दोन बोटांनी मोर फिरवला,
नरसय्यांनी परत फिरवला,
मुख्तारनी मधेच त्याचा पिसारा जांभळा केला.
"काय करालाय बे! ह्यो कोपरा माझाय."
रेघ कुणीच मारली नव्हती,
तरी अर्ध्या तासात हद्दी पडल्या,
शेजारच्या हद्दीत हात घालताना
माणूस आधी मान वर करून बघू लागला.

यल्लूबाई चिलवेरी पंचिंगच्या.
डिझाइन ठरलं की पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची,
एवढंच काम. त्यांना का बोलावलं होतं
कुणालाच नीट आठवत नव्हतं.
त्या वाकल्या, नुसतं बघायला.

आणि टेबल थांबलं.

नरसय्यांची रेघ अर्ध्यात सुटली.
भार्गवचा झूम अडकला.
"आगु, आगु," नरसय्या म्हणाले, टेबलालाच.
सगळ्यांनी हात उचलले,
जत्रेत फोटोवाल्यानं सांगितल्यासारखे,
आणि त्या रिकाम्या काचेवर
यल्लूबाई एकट्या वाकलेल्या राहिल्या.

"ही मानेची रेघ,"
त्यांनी बोट ठेवलं नाही, नुसतं धरलं वर,
"लई लांब मोकळी जाती.
धागा लोंबणार मागनं.
रात्री लेकराच्या पायाचं बोट अडकतंय त्यात."

"अशी तर आपण कायम काढतो," नरसय्या म्हणाले.

"काढता की.
मी मोडते ती, पंचिंगला.
मधी एक भोक जास्तीचं मारून."

पंखा फिरत होता.
बाहेर टॉवेलच्या कारखान्याचा भोंगा झाला,
मुख्तारनी गार चहा एका घोटात संपवला.

"कधीपासनं?"
"तुमची पेन्सिल आली तवापासनं."

नरसय्या बराच वेळ मोराकडे बघत होते.
मग टेबलाला वळसा घालून
त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले.
तिथून मोर उलटा दिसतो
हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं.

त्यानंतर टेबल तीनदा अडकलं.
तिन्ही वेळा यल्लूबाई वाकल्या होत्या,
तिन्ही वेळा सगळ्यांनी हात उचलले
आणि त्या काय म्हणतात त्याची वाट पाहिली.
चौथ्यांदा टेबल चालूच होतं,
तरी हात उचलले.

आता खरं सांगते.
ते स्वस्तातलं मॉडेल. त्याला एका वेळी
दहाच बोटं कळतात. आणि यल्लूबाईंच्या दोन्ही हातांत
सहा-सहा काचेच्या बांगड्या. काचेवर टेकल्या
की त्याची मोजदाद भरायची.
सेटिंगमध्ये जाऊन दहाचे चाळीस करता येतात,
दोन मिनिटांचं काम.
माझं बोट त्या खुणेपर्यंत गेलंही होतं.

भार्गवनं जाताना विचारलं, "मॅडम, हे हँग का व्हायलंय?"
मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल.

लॉग उघडला तेव्हा सगळ्यांत जास्त स्पर्श
यल्लूबाईंच्या बाजूचे.
सातशे चौदा.
त्यांनी काचेला बोट लावलं ते एकदाच,
निघताना, पदरानं पुसायच्या आधी.

फॉर्मवर 'अडचण' अशी रकाना होता.
तिथे मी 'नाही' लिहिलं
आणि सात रस्त्याची रिक्षा पकडली.