तिसऱ्या गिअरचा आवाज

सातपूर-अंबडला कामाला असलं
की रविवार शनिवारी येतो.
जुन्या सतरंजीवर पाठ टेकून
मी माझ्या एटहंड्रेडखाली सरकते
आणि इंदिरानगर चपलांपुरतं उरतं.
सोनजेकाकूंच्या चपला थांबतात.
"शनिवारी कुणी लोखंडात हात घालतं का गं?
अजून झाली नाही?"
"होतच आलीय," मी खालून म्हणते.
अकरा महिने हेच म्हणतेय.

संध्याकाळी मात्र हे चालत नाही.
पाथर्डी फाट्याजवळ, टपरीमागच्या बाकड्यावर
आम्ही चौघं जमतो.
चहा येईस्तोवर
ज्यानं त्यानं आपलं मोडलेलं सांगायचं.

बागूल सर, निवृत्त, विषय भूमिती.
टॉर्क रेंच उसना मागायला संकोचले,
हेडचा बोल्ट अंदाजानं आवळला,
आटे गेले.
"अंदाजानं," ते पुन्हा म्हणतात.
छत्तीस वर्षं अंदाजाचे मार्क कापलेला माणूस.
कुणी हसत नाही.
सॅमसन बिस्किटांचा पुडा त्यांच्याकडे सरकवतो.

सॅमसन पठारे, शरणपूर. कॉन्टेसा.
चारही दारं बसली, रंग चढला, पॉलिश झालं,
मग मागची सीट काढली.
"पेचकस नुसता टेकवला हो,"
तो बोटानं हवेला भोक पाडतो,
"खाली पार्किंगचा कोबा दिसला.
कोब्यावर एक मुंगी चाललेली."

मी सांगते:
कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडला.
तिसऱ्यांदा जोडला.
तिसऱ्यांदा एक वॉशर उरला.
तीन वॉशर आहेत आता पोह्यांच्या वाटीत,
आणि गाडी त्यांच्याशिवायही
अगदी पहिल्यासारखीच बंद आहे.

तय्यबचा नंबर शेवटी.
त्याची पद्मिनी, म्हणजे त्याच्या अब्बांची.
ते द्वारक्यावर उभे राहून दादरची सीटं भरायचे.
दोन वर्षं सात महिने तो ती उघडतोय.
भंगारवाले त्याचं नाव विचारत नाहीत,
'स्टार्टरवाले' म्हणायचे,
मग 'क्लचप्लेटवाले' म्हणायला लागले.
आज तो चावी बाकड्यावर ठेवतो.

"चालू झाली," म्हणतो. "दुपारी. एका दमात."

चहा तसाच राहतो.
ती रस्त्याच्या कडेलाच उभी,
आणि येताना आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती.
तय्यब गाडीतून आला असेल,
हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

चौघं बसतो. काचा खाली.
स्टिअरिंगजवळचा दांडा तो असा हलवतो
जणू झोपलेल्या कुणाच्या हाताखालून उशी काढतोय.
बागूल सर पुढे वाकून टेम्परेचरचा काटा वाचतात,
दर अर्ध्या मिनिटाला, मोठ्यानं.
काटा हलत नाही. तरी वाचतात.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी वळून थांबतो.
इंजिन तो बंद करत नाही.
"पुढच्या शनिवारी..." तय्यब म्हणतो,
आणि वाक्य न्यूट्रलमध्ये पडून राहतं.
सॅमसन खिडकीबाहेर बघतो.
मी माझी नखं बघते,
काळी, अकरा महिन्यांची.

परतताना, फाट्याच्या जरा अलीकडे,
तय्यब मान तिरकी करतो.
"ऐकलं? तिसऱ्यात. बारीक घरघर."

आम्ही कान लावतो.
वारा. मागच्या ट्रकचा हॉर्न.
सॅमसनच्या मांडीवरचा बिस्किटांचा कागद.
बाकी काही नाही.
गाडी इतकी गोड चालली आहे
की माझ्या घशाशी काहीतरी येतं.

"हो," बागूल सर म्हणतात,
"गिअरबॉक्स उतरवावा लागेल बहुतेक."
"उतरवावाच लागेल," सॅमसन.
"बेअरिंग असेल," मी म्हणते.

"असेल," तय्यब म्हणतो. "बघू शनिवारी."
आणि अलगद चौथा टाकतो.