यादीत नसलेलं

फ्रिज तुझा, वॉशिंग मशीन माझं.
प्रदर्शनातून आणलेला तो लाल गालिचा
दोघांनाही नको होता, म्हणून इथेच राहिला.
भोपळ्याला तू देवळाली कॅम्पला नेलंस,
त्याची वाटी, पट्टा,
चावून अर्धी केलेली चप्पलसुद्धा.
वकीलबाईंनी यादी दोनदा वाचून दाखवली.
पिसवांचा उल्लेख कुठेच नव्हता.

अडीच महिने मी सिन्नरला, बहिणीकडे.
पाथर्डी फाट्याचं घर कुलपात.
ऑक्टोबरच्या भाजत्या दुपारी दार उघडलं,
हॉलच्या मधोमध आले,
आणि पांढऱ्या मोज्यांवर
फोडणीत मोहरी पडावी तसं काहीतरी तडतडलं.
आधी सात. मग मोजणं सोडलं.

गायखेकाकू कुंपणावरून म्हणाल्या, रॉकेल शिंपड.
काका म्हणाले, कापूर.
इस्त्रीवाला म्हणाला, ताई, घरच बदला.
डॉक्टर बेंडकुळ्यांनी मात्र
चष्मा कपाळावर ढकलला.
रॉकेल? घर पेटवायचंय का?
कुत्र्यावर दिसतात त्या चार आणे, म्हणाले,
बारा आणे गालिच्यात, फरशीच्या सांध्यांत, सोफ्याच्या पोटात.
अंडी मरतात, अळ्या मरतात,
कोशातल्या मात्र चिवट.
रिकाम्या घरात त्या बाहेर येतच नाहीत,
महिनोन्‌महिने दबा धरून बसतात
कुणाची तरी पावलं वाजेपर्यंत.

मी काही बोलले नाही.
फी विचारली. दीडशे.

मग पदर खोचला.
चादरी, अभ्रे, पडदे, सगळं कढत पाण्यात.
यास्मिनचा व्हॅक्यूम क्लीनर मागून आणला,
सोफ्याच्या घडीत त्याची सोंड घातली तेव्हा
निघाला एक रुपया, तुझ्या शर्टाचं बटण,
आणि भोपळ्याचे इतके केस
की अजून एक कुत्रा झाला असता.
धुळीची पिशवी दुहेरी गाठ मारून
त्याच दिवशी घंटागाडीत.
गालिचा गच्चीच्या कठड्यावर टाकला
आणि तू विसरलेल्या बॅटनं झोडपला.
जरुरीपेक्षा थोडा जास्तच.

अंगणात जास्वंदीखाली त्यानं उकरलेला खड्डा,
त्यात कुजका पाला, कायमची ओल.
शेजारी ओझरच्या मामांनी पाठवलेल्या
द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या,
उपयोगी पडतील म्हणून तू रचून ठेवलेल्या.
पेट्या भंगारवाल्याला दिल्या, गवत कापलं,
फांद्या छाटल्या.
तीन वर्षांत पहिल्यांदा
त्या कोपऱ्यात ऊन बसलं.

रात्री जमिनीवर टेबल लॅम्प,
खाली पसरट ताटली, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब.
उजेडाकडे उडी मारतात, बुडतात.
सकाळी चहाच्या आधी ताटली बघायची.
एकेचाळीस. सव्वीस. तीस.
किराणा हिशेबाच्या वहीत, दुधाच्या शेजारी.

नवव्या दिवशीही अकरा.
डॉक्टर म्हणाले, कुत्रा येतो का घरी?
रविवारी. तासभर.
मग त्याला औषध लावल्याशिवाय
तुम्ही समुद्र उपसताय.

म्हणून फोन केला.
वकीलबाईंशिवाय, पहिल्यांदाच.
भोपळ्याच्या मानेवर औषध टाकलंस का?
तू बराच वेळ गप्प.
मग म्हणालास, तुझ्याकडेपण?
पलीकडून खाजवण्याचा आवाज येत होता,
तो की तू, कळलं नाही.
विचारलंही नाही.
औषधाचं नाव सांगितलं, वजन बघून घे म्हटलं,
महिन्यानं परत, विसरू नकोस,
आणि ठेवला.

आता पाच रात्री ताटली कोरी आहे.
लॅम्पखाली नुसतं पाणी.
डॉक्टर म्हणतात, अजून तीन आठवडे थांबू नका,
शेवटच्या उशिरा जाग्या होतात.

मागची खोली राहिली होती.
तुझं टेबल होतं ती.
आल्यापासून उघडली नव्हती.
आज उघडली.
मोजे गुडघ्यापर्यंत ओढले
आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
टाचा आपटत चालले, मुद्दाम, जोरजोरात.
खाली कुणी राहत असतं तर भांडायला आलं असतं.
या, म्हटलं,
जे कुणी वाट बघत बसलं असेल त्यानं
या बाहेर.

मग प्लग लावला.